कडाक्याच्या थंडीत डिझेल ट्रॅक्टर सुरू करणं: आदल्या संध्याकाळपासून पहिल्या धुरापर्यंत

थंडीत सकाळी ट्रॅक्टर धरला नाही की बहुतेक जण सेल्फ (स्टार्टर) मारत राहतात. दोनदा, चारदा, दहादा. इंजिन दर वेळी आणखी जड फिरतं आणि शेवटी सेल्फचा नुसता ‘टक्’ असा आवाज उरतो. मूळ दोष काहीही असो, आता त्यात बॅटरी उतरल्याची भर पडलेली असते, आणि दोष शोधायला लागणारी ताकदही संपलेली असते. गारठलेलं इंजिन सुरू न होण्याची कारणं मोजकीच आहेत. त्यातलं आपल्यासमोर कोणतं आहे हे सेल्फचा आवाज आणि सायलेन्सरचा धूर यांवरून पहिल्या दहा-पंधरा सेकंदांतच कळतं. तेवढं कळलं की पुढचा सेल्फ विचार करून मारता येतो.

थंडीत नेमकं अडतं कुठे

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा मूळ आकाराच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबतो. त्या दाबानं हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नोझलमधून आलेला डिझेलचा बारीक फवारा त्या तापलेल्या हवेत आपोआप पेटतो. म्हणजे इथे पेटवणारी वस्तू उष्णता आहे.

रात्रभर गारठलेल्या इंजिनात ही उष्णता तीन वाटांनी कमी होते. आत येणारी हवाच थंड असते. लायनर (सिलिंडरची आतली नळी), हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) आणि पिस्टन हे थंडगार धातूचे भाग दाबलेल्या हवेतली उष्णता ओढून घेतात. आणि इंजिन हळू फिरत असेल तर त्या हवेला पिस्टनवरच्या रिंगांच्या फटीतून निसटायला जास्त वेळ मिळतो. हा तिसरा मुद्दा बऱ्याचदा लक्षात येत नाही. सेल्फ संथ फिरतोय म्हणजे फक्त वेळ जास्त लागतोय असं नाही, सिलिंडरमधलं तापमानच पेट घेण्याइतकं चढत नाही. मिनिटाला १५० च्या आसपास फेरे मिळत नसतील तर बरीच इंजिनं कितीही वेळ फिरवली तरी धरत नाहीत.

आणि वेग तर दोन्ही बाजूंनी मारला जातो. लेड-ॲसिड बॅटरी उबदार हवेत जेवढी ताकद देते, त्याच्या दोनतृतीयांशच्या आसपास शून्य अंशाला देते आणि उणे १८ अंशांना साधारण ४० टक्के. त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. चौथी अडचण डिझेलची: त्यातलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. म्हणून बॅटरी, ऑइल, डिझेल आणि उष्णता या चार गोष्टींची सोय आधी करून ठेवायची. त्यातली बरीचशी आदल्या संध्याकाळीच होते.

बॅटरी आणि केबल: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

थंडीतल्या तक्रारी मी पाहतो तेव्हा पहिलं बोट बॅटरीकडे जातं, पण बॅटरी बदलण्याआधी केबल तपासायला हव्यात. सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर आणि मोठ्या इंजिनात त्याहूनही जास्त करंट ओढतो. एवढ्या करंटला टर्मिनलवरचा पातळसा थरही आडवा येतो. क्लॅम्प काढून पाहा. बाहेरून घट्ट बसलेला दिसतो, पण आत शिशाचा खांब चमकत नसतो. राखाडी, खरखरीत साय धरलेली असते आणि कडेला पांढरी-हिरवी पूड. ही पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायची. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ द्यायचं नाही. मग तारेच्या ब्रशनं किंवा पॉलिश पेपरनं खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू लख्ख होईपर्यंत घासायची, क्लॅम्प आवळायचा आणि वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावायचं. आवळल्यानंतर लावायचं, आधी नाही.

बॅटरी काढताना काळी केबल आधी सोडा आणि लावताना शेवटी लावा. नाहीतर लाल बाजूचा पाना ट्रॅक्टरच्या लोखंडाला टेकला की थेट शॉर्ट होतो.

मल्टिमीटर असेल तर तीन मोजमापं घ्या. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. अर्ध्या भरलेल्या बॅटरीवर कडक थंडीत भरवसा ठेवू नका. दुसरं मोजमाप सेल्फ मारताना: व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा थकली आहे. तिसरं मोजमाप फार कमी लोक घेतात आणि दोष नेमका तिथेच सापडतो. मीटरची एक तार बॅटरीच्या काळ्या खांबावर धरा, क्लॅम्पवर नको. दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा. जोडीदाराला सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा. जास्त आला तर अर्थिंगची केबल, तिचा बोल्ट किंवा तिच्याखालचा रंग-गंज हा दोषी. मग हाच प्रयोग लाल खांब आणि सेल्फवरचा जाड बोल्ट यांच्यामध्ये करा. असा दोष असलेल्या ट्रॅक्टरला नवी कोरी बॅटरी बसवली तरी इंजिन जडच फिरतं.

नवी बॅटरी घेताना तिच्यावरचा सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) आकडा बघा. उणे १८ अंशांना ३० सेकंद ७.२ व्होल्टच्या खाली न जाता बॅटरी किती अँपिअर देऊ शकते, हे तो सांगतो. थंडीसाठी अँपिअर-अवरपेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

फार गारठा पडणार असेल तर बॅटरी काढून रात्री उबदार खोलीत ठेवणं हा बिनखर्चाचा आणि हमखास उपाय आहे. उतरलेली बॅटरी उघड्यावर ठेवणं मात्र घातक. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीत ते उणे ७-८ अंशांच्या आसपासच गोठू शकतं. बाजू फुगलेली, तडकलेली किंवा आत बर्फ झालेली बॅटरी चार्जही करायची नाही आणि दुसऱ्या बॅटरीला जोडून जंपही करायची नाही, ती फुटते.

ऑइल: डब्यावरचा ‘डब्ल्यू’ वाचा

१५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीतलं वागणं सांगतो. तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. ऑइलच्या वर्गवारीत इंजिन फिरवण्याची चाचणी २०डब्ल्यूला उणे १५ अंशांवर, १५डब्ल्यूला उणे २० वर, १०डब्ल्यूला उणे २५ वर आणि ५डब्ल्यूला उणे ३० वर घेतात. ही अगदी टोकाची मर्यादा आहे, आरामाची नाही. त्या तापमानाच्या पाच-दहा अंश आधीच खालच्या ग्रेडवर गेलेलं बरं. मॅन्युअलमध्ये तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो, तोच अंतिम मानायचा. जुन्या ट्रॅक्टरात एकेरी ग्रेडचं ४० नंबरचं ऑइल अजून भरलं जात असेल तर थंडीआधी ते बदलल्यावर सेल्फच्या आवाजातला फरक पहिल्याच सकाळी ऐकू येतो.

ऑइल बाथ एअर क्लीनर असेल तर त्याच्या वाटीतलं ऑइलही घट्ट होतं आणि हवा अडवतं. तिथेही मॅन्युअलमध्ये सांगितलेलं पातळ ऑइल घाला.

डिझेल: मेण, पाणी आणि हवा

डिझेलमध्ये मुळातच मेणाचा अंश असतो. गारठा वाढला की तो आधी बारीक कणांच्या रूपात वेगळा होतो आणि डिझेल गढूळ दिसू लागतं. आणखी गार झाल्यावर हे कण फिल्टरच्या कागदावर साचतात आणि वाट बंद होते. टाकीतलं डिझेल अजून वाहत असतं, पण पंपापर्यंत पोचत नाही. उन्हाळी डिझेलमध्ये हे शून्याच्या वर काही अंशांवरसुद्धा सुरू होऊ शकतं. बायोडिझेलचं प्रमाण जास्त असेल तर आणखी लवकर.

म्हणून थंडी सुरू होताना टाकीत उन्हाळ्याचं डिझेल शिल्लक ठेवू नका. ते वापरून संपवा आणि हिवाळी डिझेल भरा. ते मिळत नसेल तर गोठणरोधक ॲडिटिव्ह घाला, पण डिझेल उबदार असताना, गढूळ होण्याआधी. हे औषध मेणाचे कण मोठे होऊ देत नाही. आधीच साचलेलं मेण ते विरघळवत नाही. आधी ॲडिटिव्ह टाकीत आणि वरून डिझेल, म्हणजे ते नीट मिसळतं.

केरोसीन मिसळायची जुनी पद्धत आहे. काही जुन्या मॅन्युअलमध्ये तिला ठरावीक प्रमाणात परवानगीही आहे. पण केरोसीनमध्ये वंगण कमी असतं आणि पंप-नोझलला वंगण फक्त डिझेलचंच मिळतं. कॉमन रेल इंजिनात (खूप जास्त दाबाच्या, संगणकानं चालणाऱ्या नव्या इंजिनात) ते घालू नका. पेट्रोल तर कोणत्याच डिझेल टाकीत घालायचं नाही. टाकीतली वाफ स्फोटक होते.

रोज संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवा. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर दवासारखी जमते आणि पाणी तळाशी उतरतं. फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरचा स्क्रू उघडून साचलेलं पाणी काढायचं. काचेची वाटी असेल तर आतली रेष स्पष्ट दिसते: वर पिवळसर डिझेल, खाली थरथरणारं निर्मळ पाणी. ते पाणी रात्री गोठलं तर सकाळी मेण नसतानाही वाट बंद.

पाणी आणि कूलंट

रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल आणि ते गोठलं तर ब्लॉक किंवा रेडिएटर फुटतो. इथे दुसरी संधी मिळत नाही. इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर ते उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. जास्त कूलंट म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. नुसतं ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या जवळपासच गोठतं.

बाहेरून उष्णता द्यायची असेल तर

वीज जवळ असेल तर ब्लॉक हीटर हा सर्वांत चांगला मार्ग. तो कूलंट गरम करतो, त्यामुळे लायनर आणि हेड उबदार होतात आणि वर सांगितलेली उष्णतेची चोरी मुळातच कमी होते. साधारण ५०० ते १००० वॉटचा हीटर सुरू करण्याआधी दोन-तीन तास लावला की पुरतो. रात्रभर चालू ठेवून फारसा जास्त फायदा मिळत नाही, टायमर लावा. हीटर पूर्ण कूलंटमध्ये बुडालेला हवा, भोवती हवा अडकली असेल तर तो जळतो. एक्स्टेंशनची वायर जाड आणि अर्थिंगची घ्या, सेल्फ मारण्याआधी प्लग काढा.

ऑइल चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला) चिकटणारे चुंबकी हीटरही मिळतात. ते ऑइल पातळ ठेवतात, पण सिलिंडर फारसे तापवत नाहीत.

चेंबरखाली शेगडी, निखारे किंवा पेटता बोळा ठेवणं थांबवा. चेंबरवर तेलकट मळी असते, वर वायरिंग आणि डिझेलच्या रबरी नळ्या असतात. ट्रॅक्टर जळून जायला काही मिनिटं पुरतात. उकळतं पाणी गार पंपावर ओतणंही चूक. पंपाच्या आतले भाग अतिशय बारीक मापात बसवलेले असतात. एक बाजू अचानक तापली की ते अडकतात किंवा आवरण तडकतं.

वीज नसेल तर निदान ट्रॅक्टर वाऱ्यापासून आडोशाला लावा आणि इंजिन गरम असतानाच वर जाड ताडपत्री टाका. संध्याकाळी औजार जमिनीवर टेकवून ठेवा, म्हणजे सकाळी हायड्रॉलिक पंपावर बोजा नसतो.

सकाळचा क्रम

आधी ऑइल, कूलंट आणि फिल्टरची वाटी एकदा बघा. ताडपत्री काढा. मग सीटवर बसा. जमिनीवर उभं राहून सुरू करायचं नाही. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा, पीटीओ (औजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद करा, लिफ्टचा लिव्हर खाली करा, दिवे आणि पंखा बंद ठेवा.

क्लच पूर्ण दाबा. काही ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, पण लागत असला तरी दाबा. गिअर बॉक्समधलं ऑइल इंजिन ऑइलपेक्षा घट्ट असतं आणि क्लच न दाबता ते घुसळायचं काम सेल्फवर येतं.

स्टॉपर (इंजिन बंद करायला ओढायचा नॉब) पूर्ण आत असल्याची खात्री करा. खेचलेला राहिलेला स्टॉपर हे ट्रॅक्टर न धरण्याचं अगदी साधं आणि नेहमीचं कारण आहे. मेकॅनिकल पंपाच्या ट्रॅक्टरात हँड थ्रॉटल मॅन्युअलमध्ये सांगितल्याइतका पुढे करा. तो बहुधा अर्धा ते पूर्ण असतो. कॉमन रेल ट्रॅक्टरात ॲक्सिलरेटरला हात लावू नका, किती डिझेल द्यायचं ते ईसीयू (इंजिनचा संगणक) ठरवतो.

आता प्री-हीट. ट्रॅक्टरला कोणत्या प्रकारची सोय आहे हे माहीत हवं:

- ग्लो प्लग: प्रत्येक सिलिंडरमध्ये एक. किल्ली हीटच्या खुणेवर ठेवा आणि दिवा विझेपर्यंत थांबा. फार गारठा असेल तर हे चक्र दुसऱ्यांदा करा.
- ग्रिड हीटर: इनटेकमध्ये बसवलेली तापणारी जाळी. ती आत येणारी हवा गरम करते. दिवा विझेपर्यंत थांबायचं, घाई नाही.
- थर्मोस्टार्ट: पर्किन्स इंजिनाच्या जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांत दिसतो. किल्ली हीटवर १५ ते २० सेकंद धरली की आतली कॉइल तापून थोडं डिझेल सोडते, आणि सेल्फ मारताच आत येणाऱ्या हवेत त्याची ज्योत होते. त्याला डिझेल पुरवणारी बारीक नळी कुणीतरी बंद करून ठेवलेली असते किंवा ती तुंबलेली असते. मग कॉइल तापूनही ज्योत होत नाही.

काही जुन्या पंपांवर जादा डिझेलचं बटण असतं, फोर्डसन मेजरवर आहे. थंडीत ते दाबूनच सुरू करायचं. डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडून देणारा) असेल तर तो उघडा ठेवून सेल्फ मारा, इंजिनला वेग आला की सोडा. (उष्णतेची ही गरज जुन्या कारागिरांनी किती थेट भागवली होती पाहा: इंग्लंडमधल्या फील्ड मार्शल या एका सिलिंडरच्या ट्रॅक्टरात सोरा लावलेला कागद पेटवून, तो धुमसत असतानाच हेडमध्ये बसवायचे आणि मग इंजिन फिरवायचे.)

मग सेल्फ. १० ते १५ सेकंद सलग, त्याहून जास्त नाही. इंजिन पहिले एक-दोन ठोके देऊ लागलं तर लगेच किल्ली सोडू नका. ते स्वतः फिरू लागेपर्यंत सेल्फची साथ द्या. धरलं नाही तर किमान एक-दोन मिनिटं थांबा. सेल्फ थंड होतो, बॅटरी थोडी सावरते. मग पुन्हा प्री-हीट करून दुसरा प्रयत्न. इंजिन फिरणं पूर्ण थांबल्याशिवाय पुन्हा सेल्फ लावू नका, फ्लायव्हीलच्या रिंगचे दात तुटतात.

दोन-तीन प्रयत्नांनंतरही तेच होत असेल तर किल्ली काढा आणि पुढचा भाग वाचा.

आवाज ऐका, धूर बघा

इंजिन जड फिरतंय: बॅटरी, केबल किंवा ऑइल. डिझेलच्या मागे लागू नका.

इंजिन झपाट्यानं फिरतंय आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतोय: डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाही. तो धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ, डोळ्यांना झोंबते. उष्णता कमी आहे. ग्लो प्लग तपासा: जोडपट्टी काढा, मीटर ओहमवर ठेवा, प्लगचं टोक आणि इंजिन यांच्यामध्ये मोजा. चांगल्या प्लगवर साधारण एक-दोन ओहमच्या आतला आकडा येतो. काहीच न दाखवणारा प्लग मेलेला. चारपैकी दोन मेले असले तरी बाकीच्या दिवसांत ट्रॅक्टर सुरू होत राहतो आणि दोष पहिल्या कडक थंडीत उघड होतो. प्लग ठीक असतील तर त्यांच्यापर्यंत १२ व्होल्ट येतोय का पाहा. रिले किंवा फ्यूज गेलेला असतो.

इंजिन चांगलं फिरतंय आणि धुराचा मागमूस नाही: डिझेल पोचतच नाही. स्टॉपर, स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद-चालू करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर, टाकीचा कॉक, गोठलेला फिल्टर किंवा एअर (डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा).

काळा धूर असेल तर हवा कमी पडते आहे, एअर फिल्टर बघा. बॉनेटखाली उंदरांनी इनटेकमध्ये घरटं केलेलंही सापडतं.

फिल्टर गोठला असेल किंवा एअर धरली असेल तर

फिल्टरच्या वाटीत डिझेल दह्यासारखं दाटलेलं दिसलं तर सेल्फ मारून काही होणार नाही. फिल्टर गरम करायचा: गरम पाण्यात भिजवून पिळलेली फडकी भोवती गुंडाळत राहा, किंवा वीज असेल तर केस वाळवायचा ड्रायर लावा. ज्योत अजिबात नको. जवळ नवा फिल्टर असेल तर तो उबदार जागी ठेवून ताज्या, स्वच्छ, चांगल्या डिझेलनं भरून बसवणं सर्वांत जलद. मात्र कॉमन रेल इंजिनात फिल्टर ओतून भरायचा नाही, कोरडा बसवून प्रायमरनं भरायचा. ओतताना गेलेला बारीक कण नोझल खराब करतो. टाकीतलंच डिझेल गोठलं असेल तर ट्रॅक्टर उबदार शेडमध्ये ओढून नेण्याशिवाय गत्यंतर नाही.

फिल्टर उघडला की एअर काढावी लागते. मेकॅनिकल पंपाच्या ट्रॅक्टरात क्रम टाकीकडून इंजिनकडे. आधी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू थोडा सैल करा आणि हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) मारा. सुरुवातीला फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार अखंड झाल्यावर प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर दुसऱ्यावर हेच. मग पंपावरचा ब्लीड स्क्रू. एवढ्यानं धरलं नाही तर नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा-पाऊण फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल ठिबकू लागलं की आवळा. हे करताना हात आणि चेहरा दूर ठेवा. दाबानं उडालेलं डिझेल कातडीतून आत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावं लागतं. कॉमन रेल इंजिनात हे नट कधीही सैल करायचे नाहीत. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. तिथे फक्त प्रायमर किंवा किल्ली ऑन करून विजेचा पंप चालवायचा.

फिल्टर उघडला नसतानाही वरचेवर एअर धरत असेल तर टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या नळीचे जोड तपासा. या भागात पंप डिझेल ओढतो, त्यामुळे सैल जोडातून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. थंडीत रबर आकसतं आणि उन्हाळ्यात न दिसलेली फट उघडते.

ईथरचा स्प्रे

ईथर डिझेलपेक्षा खूपच कमी तापमानाला पेटतं, म्हणून थंड इंजिन त्यावर लगेच धरतं. पण ते ठरलेल्या क्षणी पेटत नाही. पिस्टन वर येत असतानाच स्फोट होतो आणि रिंगा, रिंगांमधली पिस्टनची भिंत किंवा कनेक्टिंग रॉड यांना तो मार बसतो. ग्लो प्लग, ग्रिड हीटर किंवा थर्मोस्टार्ट असलेल्या इंजिनात ईथर कधीही मारायचं नाही. तापलेल्या कॉइलवर ते इनटेकमध्येच भडकतं. यातलं काहीच नसलेल्या आणि मॅन्युअलमध्ये परवानगी असलेल्या इंजिनात, इंजिन फिरत असताना सेकंदभराचा फवारा, एवढीच त्याची जागा. सौम्य थंडीतही स्प्रेशिवाय न धरणाऱ्या इंजिनाची कॉम्प्रेशन तपासून घ्या.

जंप करताना आणि काय टाळायचं

दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असल्याची खात्री करा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचं दुसरं टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनवर, बॅटरीपासून लांब. शेवटची ठिणगी बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ पडू नये म्हणून हा क्रम. पाच-दहा मिनिटं चार्ज होऊ द्या आणि मग सेल्फ. काढताना उलट क्रम.

सेल्फच्या दोन टोकांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर सुरू करू नका. असं करताना माणूस मागच्या चाकापुढे उभा असतो. न्यूट्रलचा सेफ्टी स्विच या युक्तीनं बाजूला पडतो, आणि गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर सुरू होताक्षणी माणसाच्या अंगावरून जातो. यात माणसं मेली आहेत. सेल्फचा स्विच बिघडला असेल तर स्विच बदला.

ओढून किंवा उतारावर सोडून सुरू करणंही थंडीत टाळा. घट्ट ऑइलमुळे चाकं घसरतात, साखळी तुटून मागे येते, आणि इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड असतं.

इंजिन सुरू झाल्यावर

ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. दहा सेकंदांतही विझला नाही तर इंजिन बंद करा. थ्रॉटल मिनिटाला १००० ते १२०० फेऱ्यांवर आणा. लगेच रेस देऊ नका. घट्ट ऑइल टर्बो आणि हेडपर्यंत पोचायला वेळ लागतो. पहिल्या मिनिटात थोडा पांढरा धूर आणि खडखड स्वाभाविक आहे, हळूहळू ती जायला हवी.

पाच-दहा मिनिटांनी हलक्या कामाला सुरुवात करा. अर्धा-पाऊण तास नुसतं आयडलवर ठेवण्यानं इंजिन नीट तापत नाही. सिलिंडर थंड राहतात, अर्धवट जळलेलं डिझेल रिंगांवर काजळी धरतं आणि ऑइलमध्ये उतरतं. हलक्या भारावर ते लवकर तापतं. हायड्रॉलिक ऑइल गरम व्हायला इंजिनपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून लिफ्ट आणि स्टिअरिंग आधी हळू, पूर्ण टोकापर्यंत न नेता फिरवा. तापमानाचा काटा वर येईपर्यंत नांगर किंवा रोटाव्हेटरचा पूर्ण भार टाकू नका. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

पाच मिनिटं चालवून बंद केलेला ट्रॅक्टर बॅटरीतून गेलेली वीज परत भरत नाही. सुरू केलाच आहे तर निदान अर्धा तास काम होईल असं पाहा. युरियाचं द्रावण वापरणाऱ्या नव्या ट्रॅक्टरात ते उणे ११ अंशांना गोठतं, पण त्यामुळे इंजिन सुरू व्हायला अडत नाही; टाकीतला हीटर ते वितळवतो. गोठताना द्रावण फुगतं म्हणून ती टाकी काठोकाठ भरू नका.

सगळं ठीक असूनही दर सकाळी त्रास होत असेल तर

बॅटरी भरलेली, ग्लो प्लग जिवंत, डिझेल स्वच्छ आणि तरी थंड असताना न धरणारं इंजिन गरम झाल्यावर एका ठोक्यात सुरू होत असेल, तर संशय कॉम्प्रेशनवर घ्या. आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची ठरावीक फट) लावून घ्या. ते स्वस्त काम आहे आणि फट संपून किंचित उघडा राहणारा व्हॉल्व्ह थंडीत हमखास त्रास देतो. मग नोझल काढून तपासणी यंत्रावर फवारा बघा: बारीक धुक्यासारखा यायला हवा, थेंब गळायला नकोत. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरची कॉम्प्रेशन मोजा. सगळे सिलिंडर सारखेच कमी असतील तर रिंगा-लायनर झिजले आहेत. एकच कमी असेल तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेवटी पंपाचं टायमिंग तपासून घ्या. हे काम थंडी तोंडावर यायच्या आधीच मेकॅनिककडून करून घ्या आणि मोजलेले आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजाल तेव्हा कोणता सिलिंडर किती उतरला हे त्यावरूनच कळेल.